घोडीचे रक्त आणि काळाचे चक्र

घोड्यांच्या तबेल्यात पशुवैद्य सकाळी येतो, एका गाभण घोडीच्या मानेच्या शिरेतून थोडे रक्त काढतो आणि नळी प्रयोगशाळेकडे पाठवितो. दुसऱ्या दिवशी कागद येतो. त्यावर तांबड्या पेशी, प्रथिने, शर्करा, कॅल्शियम आणि संप्रेरके यांचे आकडे ओळीने मांडलेले असतात, आणि प्रत्येकापुढे निरोगी जनावराच्या मर्यादा छापलेल्या असतात. एखादा आकडा त्या मर्यादेच्या बाहेर गेला की मालकाच्या मनात शंका उभी राहते. घोडी आजारी तर नाही? पोटातील शिंगराला धोका तर नाही?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी शास्त्रज्ञ तीन उलट प्रश्न विचारतो. रक्त दिवसाच्या कोणत्या प्रहरी काढले? वर्षाच्या कोणत्या महिन्यात काढले? आणि घोडीला कितवा महिना चालू होता, किंवा व्याल्याला किती दिवस झाले होते? ही तीन उत्तरे हाती आल्यावाचून तो आकडा मुका असतो. घोडीचे रक्त म्हणजे तळ्यातील स्थिर पाणी नव्हे. त्यात दिवसाची भरती-ओहोटी आहे, ऋतूचा प्रवाह आहे, आणि गर्भधारणा व स्तनपान या दोन मोठ्या घटनांनी त्या दोहोंना दिलेले वळणही आहे.

दिवसाची लय

प्राण्यांच्या व वनस्पतींच्या शरीरात काळ मोजण्याची अंगभूत यंत्रणा असते, ही कल्पना फार जुनी आहे. १७२९ मध्ये झां-झाक द मेरां या फ्रेंच ज्योतिषशास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोपटे अंधारात ठेवून पाहिले. सूर्यप्रकाश नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत राहिली. पुढे १९५९ मध्ये फ्रान्झ हालबर्ग यांनी अशा सुमारे चोवीस तासांच्या लयींसाठी एक शास्त्रीय संज्ञा रूढ केली. सस्तन प्राण्यांत या लयींचे मुख्य नियंत्रण मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात त्या जागेच्या लगत वर, एका लहानशा पेशीपुंजात असते, हे १९७२ मध्ये स्पष्ट झाले. डोळ्यांत शिरणारा प्रकाश हे घड्याळ रोज जुळवून देतो.

घोड्यात या घड्याळाच्या खुणा अनेक ठिकाणी दिसतात. शरीराचे तापमान पहाटे व सकाळी कमी असते आणि सायंकाळी वाढते. मूत्रपिंडांच्या वर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक मात्र सकाळी अधिक व सायंकाळी कमी असते. मेलॅटोनिन हे संप्रेरक केवळ अंधारात वाढते. म्हणून सकाळी आठ वाजता आणि सायंकाळी आठ वाजता एकाच निरोगी घोडीचे रक्त तपासले तर दोन निरनिराळी चित्रे हाती येतात, आणि दोन्ही खरी असतात.

तथापि प्रत्येक चढउतार आतील घड्याळामुळेच होतो असे समजणे चूक ठरेल. घोड्याची प्लीहा, म्हणजे पाणथरी, हे तांबड्या पेशींचे मोठे कोठार आहे. घोडा घाबरला किंवा धावला की प्लीहा आकुंचन पावते आणि साठविलेल्या पेशी रक्तप्रवाहात लोटते. विश्रांतीच्या वेळी रक्ताच्या आकारमानात तांबड्या पेशींचा वाटा शेकडा ३५ ते ४० च्या आसपास असतो, तो कठोर श्रमाच्या वेळी शेकडा ६० च्याही पुढे जातो. अनोळखी माणूस सुई घेऊन जवळ आला एवढ्याने भित्र्या घोडीचा हा आकडा चढू शकतो. कॉर्टिसॉलचेही तसेच आहे. नव्या जागी आणलेल्या घोड्यात त्याची दैनिक लय पुसली जाते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. चाऱ्याचाही परिणाम होतो. भरपूर वैरण एकदम खाल्ल्यावर लाळ व पाचक रस यांच्या रूपाने रक्तातील द्रव आतड्यांकडे वळतो, रक्तरस काही काळ आटतो आणि त्यातील प्रथिने दाट झालेली दिसतात. म्हणूनच रक्तातील लयींचा अभ्यास करणारे संशोधक जनावरांना आधी माणसांची व जागेची सवय करून देतात, शिरेत नळी बसवून ठेवतात, चाऱ्याच्या वेळा ठरवितात आणि मगच दर काही तासांनी नमुने घेतात.

ऋतूची लय

दिवसाच्या घड्याळावरच वर्षाचे घड्याळ चालते. मेंदूतील तृतीय नेत्र पिंड ही लहानशी ग्रंथी रात्रभर मेलॅटोनिन स्रवते. हे द्रव्य १९५८ मध्ये अमेरिकेतील आरन लर्नर यांनी प्रथम वेगळे केले. रात्र लांब असेल तर स्राव अधिक वेळ चालतो, रात्र आखूड असेल तर कमी वेळ. अशा रीतीने रक्तातील मेलॅटोनिनचा कालावधी हाच शरीराला पंचांगाचे काम देतो.

मेंढी व शेळी यांना दिवस लहान होऊ लागले की माज येतो. घोडीचे याच्या उलट आहे. तिचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असल्याने, शिंगरू वसंतातील कोवळ्या गवतावर जन्मावे यासाठी माजही आदल्या वर्षीच्या वसंतात व ग्रीष्मातच यावा लागतो. उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण प्रदेशांत बहुतेक घोड्या साधारण एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत दर २१-२२ दिवसांनी माजावर येतात. हिवाळ्यात मेलॅटोनिनच्या लांब रात्रींमुळे मेंदूकडून अंडाशयाकडे जाणारा संदेश मंदावतो आणि बहुसंख्य घोड्यांची अंडाशये निद्रिस्त होतात. दुग्धजनक संप्रेरक प्रोलॅक्टिन याचेही रक्तातील प्रमाण हिवाळ्यात कमी व दिवस वाढू लागले की अधिक असते. घोड्याची हिवाळी लव झडणे याच वाढीशी निगडित आहे.

अक्षांशानुसार या लयीचा जोर बदलतो. लंडनच्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही थोडा कमी आणि सर्वांत मोठा साडेसोळा तासांहून अधिक असतो. हरियाणातील हिसार येथे हेच आकडे सुमारे सव्वादहा व चौदा तास असे आहेत. पुण्यास ते सुमारे अकरा व सव्वातेरा तास असे आहेत. विषुववृत्ताकडे जावे तसा दिवसमानातील फरक कमी होतो आणि वर्षभर माजावर येणाऱ्या घोड्यांचे प्रमाण वाढते. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. युरोपात तयार झालेली ऋतुमानाची कोष्टके भारतातील घोडीला जशीच्या तशी लावता येत नाहीत.

ऋतूची लय केवळ प्रजननापुरती मर्यादित नाही. अधिवृक्क ग्रंथींना चालना देणारे पोष ग्रंथीतील एक संप्रेरक निरोगी घोड्यांतही उन्हाळ्याच्या अखेरीपासून वाढते आणि शरद ऋतूत शिखर गाठते. वयस्क घोड्यांना होणाऱ्या पोष ग्रंथीच्या एका विकारात हेच संप्रेरक वाढते. सप्टेंबरात काढलेल्या रक्ताला मार्चमधील मर्यादा लावली, तर धडधाकट घोडा रोगी ठरतो. म्हणून आता या चाचणीसाठी ऋतूनुसार वेगळ्या मर्यादा वापरतात.

शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणाऱ्यांनी या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग केला आहे. उत्तर गोलार्धात जातिवंत शर्यती घोड्यांचे वय १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले शिंगरू आणि मे महिन्यात जन्मलेले शिंगरू कागदावर एकाच वयाचे ठरतात. शिंगरे लवकर व्हावीत म्हणून डिसेंबरच्या आरंभापासून तबेल्यात सायंकाळी दिवे लावून सोळा तासांचा कृत्रिम दिवस केला जातो. साठ ते सत्तर दिवसांत घोडीच्या मेंदूस वसंत आल्याचा भास होतो. अलीकडे एका डोळ्यावर मंद निळा प्रकाश पाडणारा मुखवटा वापरूनही हाच परिणाम साधता येतो.

गर्भाचे रक्तातील ठसे

घोडी गाभण राहिली की या दोन लयींच्या जोडीला तिसरे काळमान सुरू होते. ते सूर्यावर अवलंबून नसते, तर गर्भाच्या वयावर अवलंबून असते.

१९३० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरोल्ड कोल व जॉर्ज हार्ट यांनी गाभण घोडीच्या रक्तातील रस अपक्व उंदरांच्या माद्यांना टोचला. त्यांची अंडाशये झपाट्याने पक्व झाली. गाभण घोडीच्या रक्तात एक प्रभावी संप्रेरक असते, हे अशा रीतीने सिद्ध झाले. ते गर्भधारणेच्या सुमारे चाळिसाव्या दिवशी रक्तात दिसू लागते, पुढील काही आठवड्यांत शिखरास पोहोचते आणि सुमारे एकशेविसाव्या दिवसापर्यंत नाहीसे होते. गर्भाशयाच्या अस्तरात त्या काळात वाटीच्या आकाराचे उंचवटे तयार होतात, त्यांतून हे संप्रेरक स्रवते. हे उंचवटे मातेचे, अशी प्रथम समजूत होती. परंतु १९७० नंतरच्या दशकात केंब्रिज येथे झालेल्या संशोधनाने दाखविले की त्यांतील पेशी मूळच्या गर्भाच्या आवरणातील असून त्या मातेच्या अस्तरात शिरून रुजलेल्या असतात. गाढवापासून घोडीस राहिलेल्या गर्भात, म्हणजे खेचराच्या गर्भात, हे संप्रेरक मातेच्या रक्तात फारच कमी आढळते. माता तीच, पण गर्भाचा पिता बदलला की रक्ताचा आकडा बदलतो. खेचरांची पैदास जेथे होते तेथे चाचणीचा निष्कर्ष काढताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

या संप्रेरकावरून गर्भाचे निदान करता येते. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने त्यासाठी चाचणी-संचही विकसित केला आहे. तथापि या चाचणीत एक फसवी जागा आहे. चाळिसाव्या दिवसानंतर गर्भ दगावला, तरी अस्तरात रुजलेल्या वाट्या आपले काम काही आठवडे चालूच ठेवतात. रक्त गाभण असल्याचे सांगते आणि गर्भाशय रिकामे असते. घोडी सहसा पुन्हा नीट माजावर येत नाही, आणि तोवर ऋतू निघून जातो. गरीब पशुपालकाचे सबंध वर्ष अशा एका चुकीने वाया जाते.

गर्भ टिकविणाऱ्या प्रोजेस्टेरॉनची कथाही अशीच आहे. आरंभी ते अंडाशयातून येते. पुढे अपरा, म्हणजे वार, हे काम हाती घेते, आणि गर्भकाळाच्या मध्यानंतर मातेच्या रक्तात खुद्द प्रोजेस्टेरॉन अत्यल्प उरते. त्याच्या जागी त्याच कुळातील दुसरी द्रव्ये कार्य करीत असतात. याच सुमारास ईस्ट्रोजेन गटातील संप्रेरके मोठ्या प्रमाणात वाढतात. त्यांचा कच्चा माल गर्भाच्या जननग्रंथी पुरवितात. या ग्रंथी सात-आठ महिन्यांच्या सुमारास इतक्या मोठ्या होतात की मातेची अंडाशये त्यांच्यापुढे लहान दिसावीत. या सर्व बदलांना दिवसाच्या प्रहराशी किंवा ऋतूशी कर्तव्य नसते. रिकाम्या घोडीत जी संप्रेरके ऋतूबरोबर चढतात व उतरतात, ती गाभण घोडीत गर्भाच्या वयाबरोबर चालतात. गर्भ जणू ऋतूवर आपला पडदा टाकतो.

रात्रीची प्रसूती

ऋतूचा पडदा असा पडला तरी दिवसाची लय पूर्णपणे लोपत नाही. प्रसूतीच्या वेळी तर ती ठळकपणे पुढे येते. बहुसंख्य घोड्या रात्री व्यातात. घोडा हा उघड्या माळावरचा, पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. अंधाराच्या व शांततेच्या आडोशाला व्याणारी घोडी पहाटेपर्यंत शिंगरू उभे करून कळपाबरोबर निघू शकते. प्रसूतीपूर्वीच्या दिवसांत गर्भाशयाच्या स्नायूंची हालचाल दिवसापेक्षा रात्री अधिक होत असल्याचे नोंदले गेले आहे. व्याण्याच्या आदल्या सायंकाळी, एरवी तापमान चढण्याची जी वेळ, त्या वेळी ते किंचित उतरलेले आढळते. हा फरक इतका थोडा असतो की अनेक दिवस सकाळ-सायंकाळ नोंद ठेवली असेल तरच तो ओळखू येतो.

ऋतूही येथे आपला हात दाखवितो. हिवाळ्याच्या अखेरीस व्याणाऱ्या घोड्यांचा गर्भकाळ वसंताच्या उत्तरार्धात व्याणाऱ्या घोड्यांपेक्षा काही दिवसांनी लांबतो. गर्भकाळाच्या शेवटच्या महिन्यांत कृत्रिम प्रकाश दिल्यास तो काही दिवसांनी कमी होतो.

दुधाचे ऋण

घोडीची अपरा अशी असते की मातेचे रक्त व गर्भाचे रक्त यांच्यामध्ये ऊतींचे सहा थर राहतात. रोगप्रतिकारक प्रथिने त्यांतून पार होत नाहीत. म्हणून शिंगरू जवळजवळ निःशस्त्र जन्माला येते. हे शस्त्र त्याला चिकातून मिळते. प्रसूतीपूर्वीच्या शेवटच्या आठवड्यांत मातेच्या रक्तातील ही प्रथिने कासेत जमा होतात, आणि त्यामुळे तिच्या स्वतःच्या रक्तातील त्यांचे प्रमाण उतरते. कागदावर पाहणाऱ्याला ही घट रोगाची वाटेल. वास्तविक ती मातेने केलेली तरतूद असते. शिंगराच्या आतड्यातून ही प्रथिने जन्मानंतरचे पहिले काही तासच उत्तम शोषली जातात. चोवीस तासांनंतर ते दार बंद होते. चीक वेळेवर न मिळालेले शिंगरू पहिल्याच आठवड्यात संसर्गाला बळी पडू शकते.

दूध सुरू झाल्यावर मातेच्या शरीरावरील ओझे गर्भकाळापेक्षाही वाढते. पाचशे किलोग्रॅम वजनाची घोडी पहिल्या महिन्यांत दररोज सुमारे पंधरा किलोग्रॅम दूध देते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाणांनुसार एवढ्या वजनाच्या रिकाम्या घोडीला रोज २० ग्रॅम कॅल्शियम पुरते. गर्भकाळाच्या अखेरीस ते ३६ ग्रॅम लागते, आणि दुधाच्या आरंभी ५९ ग्रॅम. ऊर्जेची गरजही रिकाम्या घोडीच्या जवळजवळ दुप्पट होते. ही सर्व सामग्री रक्तातूनच कासेकडे जाते. रक्तातील कॅल्शियम शरीर मोठ्या नेटाने ठरावीक पातळीवर राखते. परंतु भरपूर दूध देणारी घोडी कष्टाच्या कामाला जुंपली किंवा लांबच्या प्रवासाला नेली, तर हा तोल ढळतो. स्नायूंना थरथर सुटते, घाम फुटतो, आणि उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवतो.

चरबीबाबतही हाच इशारा आहे. गर्भकाळाच्या अखेरीस व दुधाच्या आरंभी घोडी अंगावरील चरबी सहज विरघळविते. अशा वेळी उपवास घडला, तर विशेषतः लहान चणीच्या तट्टूंत व गाढविणींत रक्तात चरबीचा पूर येतो, रक्तरस दुधाळ दिसू लागतो आणि यकृत निकामी होते. वीटभट्टीवर ओझी वाहणाऱ्या गाभण व दुभत्या जनावरांना वेळेवर वैरण मिळणे हा म्हणूनच दयेइतकाच शरीरशास्त्राचाही प्रश्न आहे.

स्तनपानाने दिवसाची लयही बदलते. पहिल्या दिवसांत शिंगरू ताशी अनेक वेळा, रात्रंदिवस पिते. आईचे चरणे, पिणे व विश्रांती त्याच्या भुकेनुसार तुकड्या-तुकड्यांनी विभागली जाते. रक्तातील जी लय चाऱ्याच्या वेळांवर उभी असते तिचे शिखर अशा स्थितीत बोथट होते, तर जी प्रकाशावर उभी असते ती टिकून राहते. ऋतूशीही दुधाचा संबंध आहे. घोडी व्याल्यानंतर पाच ते बारा दिवसांतच पुन्हा माजावर येऊ शकते. अकरा महिन्यांच्या गर्भकाळानंतर दरवर्षी एक शिंगरू होणे या त्वरेमुळेच शक्य होते, आणि म्हणूनच पुष्कळ घोड्या एकाच वेळी दुभत्या व गाभण असतात. परंतु जी घोडी दिवस लहान असताना व्याते, तिचा हा पहिला माज होऊन गेल्यावर अंडाशये पुन्हा थंडावण्याचा संभव असतो. दुधाचा भार व हिवाळ्याची लांब रात्र दोन्ही मिळून तिला थोपवितात.

आईकडून मिळणारे घड्याळ

माता केवळ दूधच देत नाही, काळही देते. मदुराई येथील कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन या दृष्टीने संस्मरणीय आहे. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सतत अंधारात ठेवलेल्या उंदराच्या पिलांजवळ आई दिवसातून ठरावीक तास ठेवण्यात आली व उरलेले तास दूर नेण्यात आली. आईचे येणे व जाणे एवढ्याच खुणेवर पिलांचे अंतर्गत घड्याळ जुळून गेले. शिंगरू उंदराच्या पिलासारखे आंधळे जन्मत नाही. ते तासा-दोन तासांत उभे राहून जग पाहू लागते. तरीही आईचा सहवास हा नवजात जीवाच्या काळगणनेचा पहिला आधार असू शकतो, हे तत्त्व त्या प्रयोगाने पक्के केले.

तीन धागे वेगळे करणे

येथे पद्धतीची एक अडचण उभी राहते. एप्रिलमध्ये घोडीचे रक्त बदलले, तर तो बदल वसंताचा, अखेरच्या महिन्यातील गर्भाचा, की नुकत्याच सुरू झालेल्या दुधाचा? घोडीत ऋतू आणि गर्भ एकमेकांचा हात धरून चालतात, म्हणून नुसत्या गाभण घोड्यांची वर्षभर तपासणी करून उत्तर मिळत नाही. त्याच कुरणावर, त्याच चाऱ्यावर, त्याच वयाच्या रिकाम्या घोड्याही ठेवाव्या लागतात आणि दोन्ही गटांचे रक्त एकाच प्रहरी काढावे लागते. दोन्ही गटांत जे सारखे बदलते ते ऋतूचे, आणि केवळ एका गटात बदलते ते मातृत्वाचे. दिवसाची लय शोधण्यासाठी चोवीस तासांत अनेकदा नमुने घ्यावे लागतात, कारण एका नमुन्यावरून लाटेचा चढ कोणता व उतार कोणता हे सांगता येत नाही.

मारवाडी व काठियावाडी घोडे, झंस्कार व स्पिती येथील डोंगरी तट्टे, मणिपुरी व भुतिया तट्टे अशा निरनिराळ्या जाती भारतात आहेत. थरच्या उन्हात वाढणारी घोडी व लडाखच्या थंडीत वाढणारी घोडी यांचे दिवसमान, हवामान व वैरण भिन्न आहे. प्रत्येक प्रदेशातील रिकाम्या, गाभण व दुभत्या घोड्यांसाठी स्वतंत्र मर्यादा हाती असतील, तर पशुवैद्याचा निर्णय अधिक अचूक होईल.

तोवर साध्या गोष्टीही पुष्कळ उपयोगी पडतात. रक्त शक्यतो दररोजच्या एकाच वेळी, घोडी शांत असताना, ओळखीच्या माणसाने धरलेली असताना आणि श्रमानंतर नव्हे तर विश्रांतीनंतर काढावे. नळीवर तारखेबरोबर वेळही लिहावी. घोडी केव्हा भरविली, केव्हा व्याली, शिंगरू पीत आहे की तोडले आहे, आणि शेवटची वैरण केव्हा दिली, हे चिठ्ठीवर नमूद करावे. या चार ओळी लिहावयास दोन मिनिटेही लागत नाहीत. परंतु त्या असल्या म्हणजे प्रयोगशाळेतील आकडा बोलू लागतो, निरोगी मातेवर निष्कारण उपचार होत नाहीत आणि आजारी मातेची वेळ दवडली जात नाही.